गळका हीटर कोअर वगळावा की डॅशबोर्ड उतरवावा?

पसरणीकर, वाई

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००१ सालची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इतकी वर्षे वापरल्यावर हा भाग कोणत्याही गाडीचा गळू शकतो आणि चर्चा उगाच कंपनीच्या गुणदोषांकडे वळायला नको. वडिलांनी ती नवी घेतली होती, आतापर्यंत तिची पुनर्नोंदणी दोनदा झाली आहे आणि आजही ती आठवड्यातून दोन-तीनदा पसरणी घाट चढून पाचगणीला जाते.

जूनच्या सुरुवातीपासून गाडीत बसले की गोडसर, साखरेच्या पाकासारखा वास येऊ लागला. समोरच्या काचेला आतल्या बाजूने तेलकट, धूसर थर बसतो. फडक्याने पुसला तर तो निघण्याऐवजी पसरतो आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती मोठी वलये दिसतात. त्यानंतर डाव्या सीटपुढची मॅट ओली राहू लागली. पावसाचे पाणी असेल असे समजून मी आठवडाभर दुर्लक्ष केले. शेवटी एके दिवशी मॅट उचलून खालच्या नमद्यावर बोट दाबले, तेव्हा हिरवट, बुळबुळीत पाणी वर आले. बाटलीतील कूलंटही आठवड्याला सुमारे अर्धा लिटर कमी होतो, मात्र गाडीखाली एक थेंब दिसत नाही.

आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने हीटरची कॉइल, म्हणजेच हीटर कोअर, गळत असल्याचे सांगितले. इंजिनाकडच्या बाजूला, केबिनच्या भिंतीजवळ, वायरीने चालणारा एक कॉक आहे. तो त्यांनी बंद करून बांधून ठेवला आणि आता गळती थांबेल अशी खात्री दिली. गळती कमी झाली, पण थांबली नाही, आणि हे कसे, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते. नवी कॉइल घालायची तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन-तीन दिवस गाडी सोडावी लागेल आणि इतक्या जुन्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटणार नाहीत याची हमी देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याऐवजी हीटरकडे जाणारे दोन्ही पाईप कापून त्यांच्या तोंडात बोल्ट ठोकून क्लिपा आवळाव्यात, म्हणजे अर्ध्या तासात काम होईल, असे त्यांनी सुचवले. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये विचारले, तर त्यांनी तोंडे बंद न करता दोन्ही पाईप एकमेकांना जोडावेत असे सांगितले.

माझे प्रश्न असे आहेत. हीटर वगळल्यामुळे घाटात इंजिन तापण्याचा धोका वाढतो का? तोंडे बंद करणे आणि पाईप एकमेकांना जोडणे यांत नेमका फरक काय? आणि आमच्याकडे हीटर थंडीसाठी फारसा लागत नसला, तरी पावसाळ्यात धुक्यात काच साफ ठेवण्यासाठी तो लागतो. तो नसताना काय करावे?

तेलकट हात, पुणे

आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निदान जवळपास झालेलेच आहे. तरीही पाईप कापण्याआधी एकदा खातरजमा करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

गाडीच्या पुढच्या भागात आतून पाणी येण्याची तीन मुख्य कारणे असतात. काचेखालच्या जाळीत पाने अडकून तुंबलेले पावसाचे पाणी, एसीच्या कूलिंग कॉइलचे पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदल्यामुळे आत सांडणारे पाणी, आणि हीटरमधून गळणारा कूलंट. पहिली दोन्ही पाणी स्वच्छ असतात, त्यांना बुळबुळीतपणा नसतो, आणि ती वाऱ्यावर वाळतात. कूलंट मात्र वाळत नाही. त्यातील पाणी उडून गेले तरी त्यात मिसळलेले रसायन, म्हणजे ग्लायकॉल, नमद्यात चिकट होऊन बसते. आपल्याकडे रंग, वास आणि काचेवरचा थर ही तिन्ही लक्षणे आहेत, त्यामुळे संशयित एकच आहे. चव घेऊन पाहण्याचा मोह काही लोकांना होतो, म्हणून स्पष्ट लिहितो की एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असले तरी विष आहे, आणि त्याच गोडीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. ती मॅट अंगणात वाळत घालणार असाल, तर आधी भरपूर पाण्याने धुवा.

माझी शंका वेगळी आहे. आठवड्याला अर्धा लिटर ही गळती मोठी आहे आणि ती सगळी नमद्यातच जाते का, हे तपासले पाहिजे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे डोके यांमधली सीलपट्टी, बारीकशी गेली असेल तरी कूलंट कमी होतो आणि गाडीखाली काही दिसत नाही. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांकडे झाकणाच्या जागी बसणारा, घड्याळ असलेला हातपंप असतो. इंजिन पूर्ण थंड असताना तो लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरायचा. जुन्या छोट्या गाड्यांच्या झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. पंधरा मिनिटे काटा पाहायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर हीटरचे दोन्ही पाईप तात्पुरते एकमेकांना जोडून पुन्हा तितकाच दाब भरायचा. दुसऱ्या वेळी काटा जागेवर राहिला, तर दोष हीटरचाच. तो तरीही उतरला, तर डॅशबोर्डकडे बघण्याचे कारण नाही, मुळाशी दुसरेच काही आहे.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. काही गाड्यांत इंजिन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आणि वायरींचे जोड डाव्या बाजूला, पायांच्या जागेजवळच असतात. तिथे कूलंट पोहोचला, तर पुढे महिनोन्महिने भलतेच दोष निघत राहतात आणि त्यांचे मूळ कोणाला सापडत नाही.

जुना खिलाडी, नगर

एवढा खटाटोप कशासाठी? आम्ही ट्रकच्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून मुंबई गाठलेली आहे. आपणही दोन चमचे टाकून पाहावी. गळती थांबली तर डॅशबोर्डही वाचेल आणि पाईपही कापावे लागणार नाहीत.

पंप आणि पाईप, कोल्हापूर

हळदीचा अनुभव मलाही आहे आणि ती गळती थांबवते हे खरे आहे. मात्र हळद असो वा बाजारात मिळणारी गळती बुजवण्याची पूड, तिला नको असलेले भोक आणि हवा असलेला मार्ग यांतील फरक कळत नाही. ती जिथे वाट अरुंद आणि प्रवाह मंद असेल तिथे साचते, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांत. रस्त्यात अडकलेला ट्रक मुक्कामाला पोहोचवण्यासाठी हा उपाय समजण्यासारखा आहे. ज्यांना दर आठवड्याला पसरणी घाट चढायचा आहे, त्यांनी रेडिएटरचा कस कमी करून हीटर वाचवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यंत्रणा नीट समजली की कॉकचे कोडेही सुटते आणि बोल्ट का ठोकू नयेत हेही कळते.

हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनाच्या डोक्यातून (सिलिंडर हेडमधून) तापलेला कूलंट एका पाईपने त्यात जातो आणि दुसऱ्या पाईपने पाण्याच्या पंपाच्या ओढीच्या बाजूला परत येतो. आपला कॉक जाणाऱ्या पाईपवर आहे. तो बंद केला की कोअरमधून वाहणे थांबते, पण परतीचा पाईप उघडाच राहतो. इंजिन तापले की सगळ्या यंत्रणेत झाकणाच्या आकड्याइतका दाब तयार होतो आणि हा दाब परतीच्या वाटेने कोअरमध्ये पोहोचतोच. म्हणून कॉक बंद करून गळती कमी झाली, पण थांबली नाही. आपल्या मेकॅनिकचा कॉक चांगला आहे, त्यांचा तर्क मात्र एकाच पाईपपुरता होता.

आता बोल्ट. थंड इंजिन सुरू केल्यावर थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बंद असतो आणि रेडिएटरकडे काहीच जात नाही. त्या वेळी कूलंटला इंजिनातल्या इंजिनात फिरत राहण्यासाठी दुसरी वाट लागते. काही इंजिनांत त्यासाठी वेगळी वाट दिलेली असते. काही जुन्या छोट्या इंजिनांत हीटरचा फेरा हाच त्या वाटेचा मोठा भाग असतो. तो बोल्ट ठोकून बंद केला, तर पाणी एका जागी थबकते, डोक्यात काही ठिकाणी स्थानिक उकळी फुटू शकते आणि तापमापकाचा काटा मध्येच चढतो, मध्येच धाडकन खाली येतो. थर्मोस्टॅट पंपाकडे येणाऱ्या बाजूला असेल, तर अडचण आणखी वाढते. कारण अशा रचनेत तो उघडण्यासाठी त्याच्या अंगावरून गरम पाणी जावे लागते, आणि ते गरम पाणी हीटरच्या परतीच्या पाईपनेच येत असेल, तर बोल्टमुळे थर्मोस्टॅटला इंजिन तापल्याची खबर उशिरा लागते. आपल्या गाडीत थर्मोस्टॅट कुठे आहे हे ओळखणे सोपे आहे. रेडिएटरच्या वरच्या होजच्या (रबरी पाईपच्या) इंजिनाकडील टोकाशी तो फुगीर डबा असेल, तर बाहेर जाणाऱ्या बाजूला. खालच्या होजच्या टोकाशी असेल, तर आत येणाऱ्या बाजूला. दोन्ही प्रकारांत पाईप एकमेकांना जोडणे हीच सुरक्षित वाट आहे, कारण त्यामुळे फेरा चालू राहतो आणि फक्त कोअर वगळला जातो. कोअरचा अडथळा गेल्यामुळे या वाटेने थोडे जास्त पाणी फिरते हे खरे, पण रेडिएटर स्वच्छ असेल तर रोजच्या वापरात त्याचा त्रास होत नाही.

काम करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात. त्यांतल्या बहुतेक मी स्वतः चुकवून शिकलो आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये. खालून सुमारे दोन लिटर कूलंट स्वच्छ घमेल्यात काढावा, म्हणजे हीटरचे पाईप रिकामे होतात. कोअरच्या नळ्यांवर चिकटून बसलेले जुने रबर पकडीने पिळून ओढू नये, कारण त्या नळ्या पातळ असतात आणि मुळाशी तडकतात. नंतर कधी विचार बदलून कोअरला डाग (सोल्डर) देऊन घ्यायचे ठरवले, तर तडकलेली नळी ही नवीच डोकेदुखी असते. त्यापेक्षा होजच्या टोकाला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि केळ्याच्या सालीसारखे रबर सोलून काढावे. मग कोअरच्या एका नळीला प्लॅस्टिकची लांब नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे आणि दुसऱ्या नळीतून हलकेच हवा भरावी. काँप्रेसरची हवा मारू नये. हे केले नाही, तर कोअरमध्ये उरलेला कूलंट पुढचे पंधरा दिवस नमद्यावर ठिबकत राहतो आणि जोडणी फसली असे वाटू लागते. शेवटी दोन्ही नळ्यांवर रबरी टोप्या बसवाव्यात.

जोडणीसाठी पितळी निपल, म्हणजे दोन होजच्या तोंडांत बसणारा नळीचा तुकडा, घ्यावे. लोखंडी निपल आतून गंजते, आणि घरातील नळजोडणीचे सीपीव्हीसी सुमारे ९३ अंशांपर्यंतच टिकते, म्हणजे इंजिन नेहमीच्या तापमानाला आल्यावर ते हद्दीवरच काम करते. अनेक गाड्यांत हे पाईप आतून १६ मिलिमीटरच्या आसपास असतात, पण अंदाजाने न घेता जुन्या होजचा तुकडाच दुकानात घेऊन जावा. होज कूलंटसाठीचाच, म्हणजे ईपीडीएम रबराचा असावा. पेट्रोलचा पाईप गरम पाण्यात कडक होऊन तडकतो आणि बागेचा पाईप पहिल्याच घाटात मऊ पडतो. दोन्ही जुने होज पुरेसे लांब आणि चांगले असतील, तर एका निपलवर काम भागते. सरळ होज जबरदस्तीने वळवला तर तो मधोमध चिमटतो, आणि चिमटलेला होज म्हणजे पुन्हा बोल्टच; म्हणून वळण हवे असल्यास साच्यातला इंग्रजी यू आकाराचा होज शोधावा. तो धुराच्या पाईपपासून आणि पट्ट्यापासून लांब बांधावा.

येथे एक गंमत नेहमी होते. कॉक नव्या फेऱ्यात तसाच राहतो आणि तो आधीच बंद करून बांधलेला असतो. मग सगळे काम नीट करूनही फेरा बंदच! आपल्याकडे नेमकी तीच स्थिती आहे, म्हणून कॉक काढून टाका किंवा पूर्ण उघडून बांधा. शिवाय काही गाड्यांत याच पाईपला फाटा देऊन कार्बोरेटरच्या किंवा थ्रॉटलच्या तळाशी बारीक नळी नेलेली असते. ती कुठे जाते हे पाहून, तिच्या पलीकडेच कापावे.

कूलंट भरताना गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवावे, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू ठेवावे आणि रेडिएटरचा पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत बुडबुडे निघू द्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. ती थोडी उतरलेली असते आणि ते अपेक्षित आहे. बोअरचे पाणी कदापि घालू नये. माझ्या मते आपल्याकडचे हीटर कोअर मुळात यामुळेच जातात: वर्षानुवर्षे क्षारांचे जड पाणी घातले जाते, कूलंटमधील गंजरोधक केव्हाच संपलेले असते, आणि हीटर कधी लावलाच जात नसल्यामुळे बंद कॉकमागे तेच पाणी साचून पितळ किंवा ॲल्युमिनियम खात बसते.

आपण काय गमावता तेही सांगतो. इंजिन तापू लागले की हीटर पूर्ण चालू करून, काचा खाली करून जादा उष्णता केबिनमध्ये सोडण्याची जुनी युक्ती आता आपल्याला वापरता येणार नाही. वगळण्यामुळे इंजिन आपोआप जास्त तापत नाही, पण हाताशी असलेला एक जादा रेडिएटर मात्र जातो. म्हणून पाईप जोडण्याआधी मुख्य रेडिएटर, त्याचा पंखा आणि झाकण तपासून घ्या.

बर्फातला मराठी, कॅलगरी

मी वरील सर्व लेखन लक्षपूर्वक वाचले. महाराष्ट्रात हा उपाय काही वर्षेही चालून जाईल. थंड प्रदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र तो तसाच उचलू नये, म्हणून हा अनुभव लिहितो.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून जुनी गाडी घेतली. व्यवहार ऑगस्टमध्ये झाला, त्यामुळे हीटर लावून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही. नोव्हेंबरमध्ये पहिल्या कडक थंडीत हीटर लावला, तर थंड वारा येऊ लागला. बॉनेट उघडल्यावर दोन होज एका तांब्याच्या तुकड्याने एकमेकांना जोडलेले दिसले. इंजिन उत्तम चालत होते, मात्र माझ्या श्वासाची वाफ काचेला आतून लागून तिथेच गोठत होती. मी डाव्या हाताने काच खरवडत आणि उजव्या हाताने गाडी चालवत घरी पोहोचलो, आणि पुन्हा तसे करणार नाही असे ठरवले. अमेरिकेत नव्या गाडीला काचेवरील हिम आणि बाष्प हटवण्याची व्यवस्था असण्याबद्दल वेगळे संघीय मानक आहे, क्रमांक १०३. हीटर हे तिकडे सुखसोयीचे साधन न मानता सुरक्षेचे साधन मानले जाते, हे त्यावरून कळते.

दुसरी सूचना साध्या पाण्याविषयी. गळतीमुळे वारंवार वर पाणी घालत गेले की कूलंट पातळ होतो. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. ते जितके पातळ कराल तितके लवकर गोठते, आणि गोठलेले पाणी कोअर किंवा इंजिनाचा ब्लॉकही फोडू शकते. काश्मीर, लडाख किंवा स्पितीकडे गाडी नेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

तेलकट हात, पुणे

धुक्याच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. काच आतून धूसर होते ती आपल्या श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्पामुळे. एसीची कूलिंग कॉइल ते बाष्प शोषून घेते, त्यामुळे हीटर नसला तरी एसी चालू, हवा बाहेरून घेण्याचा मार्ग उघडा आणि झोत काचेवर, एवढ्यावर आतला थर जातो. मात्र हीटर असताना ती कोरडी हवा कोमट करता येते, आता ती थंडच राहील. तळकोकणात किंवा आंबा घाटात दमट हवेत थंड झोत सतत काचेवर मारला, तर काच बाहेरून धूसर होते आणि चालक आतून पुसत राहतो! तसे झाले की वायपर एकदा फिरवावा आणि झोत काचेवरून पायांकडे वळवावा. ओला नमदा गाडीत असेल, तर यांतले काहीही पुरे पडणार नाही.

आणि काचेवरचा तो तेलकट थर नुसत्या पाण्याने जाणार नाही. काच साफ करण्याचे द्रावण लावून दोन वेगळी फडकी वापरा, एक काढायला आणि एक कोरडे करायला. पहिलेच फडके फिरवत राहिलात तर वलये तशीच राहतील.

पसरणीकर, वाई

सर्वांचे मनापासून आभार. काम झाले, म्हणून सविस्तर कळवतो.

साताऱ्यातील एका रेडिएटरवाल्यांकडे दाब तपासून घेतला. थंड इंजिनावर ०.९ इतका दाब भरला, तो दहा मिनिटांत ०.६ वर आला आणि बाहेरचे सगळे जोड कोरडे होते. त्याच वेळी मी डाव्या बाजूला खाली वाकून कान लावला होता. डॅशबोर्डमागून अगदी बारीक, उकळत्या चहासारखा सूं आवाज येत होता. नंतर पाईप तात्पुरते जोडून पुन्हा ०.९ भरला. आम्ही चहा पिऊन आलो तरी काटा हलला नव्हता, त्यामुळे हेड गॅस्केटची भीती गेली.

थर्मोस्टॅट खालच्या होजच्या टोकाशी निघाला, म्हणजे आत येणाऱ्या बाजूला. कोल्हापूरच्या सदस्यांचा मजकूर मी माझ्या मेकॅनिकना वाचून दाखवला. मडगार्डवर काढून ठेवलेले दोन्ही बोल्ट त्यांनी काही न बोलता परत डब्यात टाकले आणि स्वतःच जाऊन पितळी निपल आणले. कॉकही काढला, तो आतून निम्मा पांढऱ्या खड्याने भरला होता. होजला चीर देऊन सोलले, तेव्हा एका नळीवरचे रबर खापरीसारखे तुकडे होऊन निघाले, त्यामुळे दोन्ही होज नवेच घालावे लागले. निपल, होज, क्लिपा आणि दोन टोप्या मिळून सामानाचा खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. कोअरमधून बाटलीत आलेला कूलंट विटकरी रंगाचा होता.

त्यानंतर चार वेळा घाट चढलो. काटा पूर्वी जिथे असायचा तिथेच आहे आणि बाटलीतील पातळी खुणेवरून हललेली नाही. एसी लावून काच साफ राहते, मात्र परवा हॅरिसन फॉलीच्या वळणावर दाट धुक्यात ती बाहेरून धूसर झाली आणि मी सवयीने आतून पुसू लागलो. मग पुण्याच्या सदस्यांचे वाक्य आठवले आणि वायपर फिरवला.

कोअर मी कायमचा वगळणार नाही. कप्प्याच्या बाजूने बॅटरी लावून पाहिले, तर तो पितळी आहे असे दिसते, त्यामुळे दिवाळीनंतर डॅशबोर्ड उतरवून त्याला डाग देता येतो का ते पाहू, नाहीतर नवा घालू. खुंट्या तुटतील त्या तुटतील. तोपर्यंत जुन्या बाजारात तशा खुंट्या मिळतात का, ते पाहून ठेवतो.

डावी सीट काढून नमदा बाहेर घेतला आणि तीन वेळा धुतला. पहिल्या पाण्याला हिरवा फेस आला, तिसऱ्याला आला नाही. खालच्या पत्र्यावर दोन ठिकाणी गंजाचे पोपडे होते. ते घासून तिथे प्रायमर मारला आहे. श्रावणातल्या पावसात नमदा बाहेर वाळत नाही, म्हणून तो सध्या माजघरात पंख्याखाली पसरला आहे, आणि आमच्या मांजराला त्या खोलीत येण्याची बंदी आहे.